संख्याशास्त्र ऑनलाइन शिकताना आधी हे तपासा

व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतं आणि गणित सोडवायला बसलं की पेन अडतं. म्हणून साइट निवडताना उत्तरांसकट सरावगणितं आहेत का, हे आधी पाहा. शाळेतला पाया कच्चा असेल तर खान अकॅडमी पुरेशी आहे, शिवाय फुकट. एमआयटी ओपनकोर्सवेअरचा १८.०५ आणि हार्वर्डचा स्टॅट ११० हे दोन्ही अभ्यासक्रम भक्कम. पण इंटिग्रेशन येत नसेल तर 'सतत वितरणां'पाशी (कंटिन्युअस डिस्ट्रिब्युशन, म्हणजे उंचीसारख्या कुठलीही दशांश किंमत घेणाऱ्या राशींची वितरणं) गाडी अडकतेच. सशर्त संभाव्यतेवर (एक घटना घडली आहे हे धरून दुसरीची शक्यता) मात्र घाई नको, पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

दोन साइटवर प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आकडे टाकून बघा. उत्तर २ आलं तर सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ८ ने भागलीय, म्हणजे हीच संपूर्ण समष्टी (ज्यांचा अभ्यास करायचा ते सगळे आकडे) मानली आहे. २.१४ आलं तर ७ ने भागलीय, म्हणजे हा नमुना (समष्टीतला एक भाग) धरला आहे. एक्सेलमध्ये STDEV.P हे फंक्शन पहिलं उत्तर देतं, STDEV.S दुसरं. प्रश्नपत्रिकेत 'नमुना' हा शब्द शोधा, मगच बटण दाबा.