छोट्या हँडबेल गटासाठी चाल बसवताना या चुका टाळा

स्तोत्रसंग्रहातलं सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असं चार आवाजांचं पान उचलायचं आणि जसंच्या तसं हँडबेलवर (हातात धरून वाजवायच्या घंटांवर) उतरवायचं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. तेच पान पियानोवर गोड वाजतं, कॉयरच्या तोंडी शोभतं, आणि सहा-आठ वादकांच्या हातात गेलं की नुसता घणघणाट होतो. यात वादकांचा दोष नसतो. घंटेचा स्वर ठोका पडल्या क्षणापासून विरत जातो, तो गायकासारखा धरून ठेवता येत नाही. शिवाय प्रत्येक स्वर म्हणजे एक स्वतंत्र घंटा, आणि ती कुणाच्या तरी हातात असावी लागते. म्हणून आधी घंटा मोजायच्या, मग हात मोजायचे, आणि त्यानंतर पेन्सिल उचलायची.

नमुन्यासाठी ‘अमेझिंग ग्रेस’ घेऊ. शब्द जॉन न्यूटन यांचे, १७७९ मध्ये छापलेले. आज गातात ती ‘न्यू ब्रिटन’ नावाची चाल त्या शब्दांना विल्यम वॉकर यांनी १८३५ च्या ‘सदर्न हार्मनी’त जोडली. तीन मात्रांची चाल, आणि स्वर पाचच: सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे. संच दोन सप्तकांचा धरू: जी-४ ते जी-६, एकूण २५ घंटा. (अक्षर म्हणजे पाश्चात्त्य स्वराचं नाव, आकडा म्हणजे सप्तक; आकडा दर सीला एकने वाढतो.)

पट्टी गळ्याच्या सोयीने निवडणं

गाण्याच्या पुस्तकात ही चाल बहुधा जी किंवा एफमध्ये सापडते, आणि बसवणारा तीच पट्टी ठेवतो. जीमध्ये चाल डी-५ ते डी-६ एवढ्या जागेत फिरते. म्हणजे ती संचाच्या बरोबर मध्यात येऊन पडते. खाली साथीला जेमतेम जी-४ ते सी-५ उरतात, आणि वर ई-६ ते जी-६ मध्ये काही वाजवलं की तेच चालीवर चढून बसतं. ऐकणाऱ्याला चाल शोधावी लागते.

हीच चाल सीमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये नेली, की ती नेमकी जी-५ ते जी-६ या वरच्या सप्तकात बसते आणि जी-४ ते एफ-५ हा सगळा भाग साथीला मोकळा होतो. चालीला सहाच घंटा लागतात: जी-५, ए-५, सी-६, डी-६, ई-६, जी-६. साथीला आणखी सहा: जी-४, ए-४, सी-५, डी-५, ई-५, एफ-५. बारा घंटा, सहा वादक, प्रत्येकाच्या हातात दोन. संपूर्ण कडव्यात एकालाही घंटा बदलावी लागत नाही. नवख्या गटासाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

मात्र घंटांबरोबर उपासनेला जमलेली मंडळीही गाणार असतील तर सी चालणार नाही. एकतर जी-५ पर्यंत गळा ताणावा लागेल, नाहीतर एक सप्तक खाली उतरून पुटपुटावं लागेल. तिथे एफ किंवा जी ठेवा, चाल मंडळींना गाऊ द्या आणि घंटांना फक्त साथ द्या.

या विभागाला एक पुरवणी. हँडबेल लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजते. सी-५ कोरलेली घंटा कागदावर मधल्या सीच्या जागी लिहितात. खऱ्या उंचीवर लिहिलंत तर वरच्या घंटा रेषांच्या शिड्यांवर चढतात आणि सवयीचा वादकही अडखळतो.

खालचे स्वर दाट भरणं

इंग्लिश पद्धतीच्या हँडबेलमध्ये मूळ स्वराखालोखाल ठळक ऐकू येतो तो बारावा स्वर, म्हणजे एक सप्तक सोडून पुढचा पंचम. त्यामुळे तीन स्वरांचा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजवला की कानावर निदान सहा स्वर पडतात, आणि कॉर्ड जितका खाली तितके हे उपस्वर चालीच्या अंगावर येतात.

सातव्या मापात (माप म्हणजे तीन मात्रांचा एक गट) पाहा. चाल जी-६ वर पोहोचते आणि खाली जीचा कॉर्ड हवा. पुस्तकातली सवय म्हणते जी-४, बी-४, डी-५. बी-४ चा बारावा स्वर एफ शार्प-६ (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर). तो जी-६ ला अर्ध्या स्वरावर घासतो, तेही गाण्याच्या सगळ्यात उंच जागी. बी-४ काढून टाका. जी-४ आणि डी-५ पुरे आहेत, वर जी-६ आहेच. ए-४ ला हाच न्याय लावला तर ई-६ येतो, पण तिसऱ्या मापात चाल सी-६ आणि ए-५ वर असते, त्यामुळे तो टोचत नाही. प्रत्येक खालच्या घंटेचा बारावा स्वर काढून चालीशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि तालमीतली तासाभराची डोकेदुखी वाचते.

याच्याच जोडीची दुसरी चूक: मूळ बासचे स्वर संचात नसतात म्हणून ते एक सप्तक वर उचलले जातात आणि कॉर्ड नकळत उलटतो. सीच्या कॉर्डमध्ये सी-५ च्या खाली जी-४ घातला की पाया पंचमावर जातो आणि गाणं अधांतरी वाटतं. सीसाठी सी-५ हीच सगळ्यात खालची घंटा ठेवा. जी-४ फक्त जीच्या कॉर्डसाठी राखून ठेवा.

एकच घंटा दोन कामांना लावणं

पियानोवर डाव्या हाताने धरलेला स्वर उजव्याने पुन्हा वाजवला तरी कुणाला कळत नाही. घंटेचं तसं नाही. साथीत जी-५ तीन मात्रा घुमायला हवी आणि तिसऱ्या मात्रेवर चालीलाही जी-५ हवी, तर वादकाने करायचं काय? तो पुन्हा ठोका देतो आणि साथ मध्येच तुटल्यासारखी ऐकू येते. साथ आणि चाल यांची हद्द एफ-५ आणि जी-५ च्या मध्ये पक्की आखली की हा प्रश्न उरत नाही.

‘घुमू द्या’ची खूण देऊन विसरून जाणं

एलव्ही म्हणजे डॅम्प न करता (घंटा अंगाला टेकवून आवाज न थांबवता) घुमू द्यायचं, आणि आर म्हणजे नेहमीसारखं डॅम्प करत वाजवायचं. एलव्ही एकदा लिहिलं की पुढचं एलव्ही किंवा आर येईपर्यंत ते लागूच राहतं. ही चाल पाच स्वरांची, त्यात अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, म्हणून चालीच्या घंटा एकमेकींत मिसळल्या तरी छान वाटतं. पण साथीत एक स्वर परका आहे: एफ-५. तिसऱ्या मापातला एफ-५ चौथ्या मापातल्या ई-५ वर घुमत राहिला की सगळं गढूळ होतं. म्हणून एलव्ही पहिल्या मापात लिहा, आणि तिसऱ्या, चौथ्या व सातव्या मापाच्या सुरुवातीला पुन्हा लिहा. प्रत्येक नव्या खुणेशी आधीचं घुमणं थांबतं.

लहान घंटेवर लांब स्वर सोडणं

सातव्या-आठव्या मापात जी-६ पाच मात्रा धरायची असते. ही घंटा लहान, तिचा आवाज मोठ्या घंटांपेक्षा फार लवकर विरतो. संथ लयीत निम्मा वेळ नुसती शांतता पडते आणि वादक घाबरून पुढचा स्वर लवकर वाजवतात. खाली हालचाल ठेवा: सातव्या मापात जी-४, डी-५, जी-५ एकेका मात्रेवर, आठव्यात डी-५ पुन्हा एकदा. जी-५ ची इथे चालीला गरज नसते, त्यामुळे वर आखलेली हद्द एवढ्यापुरती ओलांडायला हरकत नाही.

शेवटच्या कडव्याला पट्टी चढवणं

ऑर्गनवर हे नेहमी करतात. इथे सीवरून डीवर गेलात की वरचा स्वर ए-६ होतो, आणि ती घंटा संचातच नाही. शिवाय सी आणि एफ जाऊन त्यांच्या शार्प घंटा घ्याव्या लागतात, म्हणजे बदलाबदली. वेगळेपणा पट्टीऐवजी पोतातून आणा. पहिलं कडवं फक्त चाल आणि सी-५ चा आधार. दुसरं पूर्ण साथीसह. तिसऱ्यात साथ फोमवर आडव्या ठेवलेल्या घंटांवर मॅलेटने, म्हणजे छोट्या हातोडीने. मोठ्या घंटेवर मऊ मॅलेटच वापरा, कडक मॅलेटने घंटेला तडा जाऊ शकतो.

सहांऐवजी चारच वादक आले तर

घंटा तेवढ्याच ठेवून प्रत्येकाच्या हातात तीन-तीन कोंबू नका. ई-५ आणि एफ-५ काढा, दहा घंटा राहतील. चालीचे तीन वादक: जी-५/ए-५, सी-६/डी-६, ई-६/जी-६. चौथ्याकडे डाव्या हाताला जी-४ आणि ए-४, उजव्याला सी-५ आणि डी-५. तो एका मापाला एकच घंटा वाजवतो: सी, सी, ए, सी, सी, सी, जी, डी. तिसऱ्या मापातल्या ए-४ नंतर सातव्यातल्या जी-४ पर्यंत डाव्या हाताला तीन मापं मोकळी मिळतात. उजव्या हाताला डी-५ उचलायला सातवं माप आहे. एक लक्षात ठेवा, खाली ठेवायची घंटा आधी डॅम्प होते, त्यामुळे तिचा स्वर तिथेच तुटतो. म्हणून बदल नेहमी दुसऱ्या हाताचा स्वर घुमत असताना लिहा.

नाचाच्या लोकचाली

सहा-आठच्या (मापात सहा लघुस्वर, तीन-तीनचे दोन ठोके) इंग्लिश किंवा आयरिश जिगला फिडलची लय लावू नका. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एकेक लघुस्वर ०.२ सेकंदाचा होतो, आणि एकाच घंटेवर लागोपाठ तीन स्वर आले की ठोका-डॅम्प-ठोका हाताला जमत नाही. ६६ च्या आसपास आणलंत तर ०.३ सेकंद मिळतात. त्यातही अडलं तर तीनऐवजी एकच लांब स्वर ठेवा. नाच टिकतो.

मराठी चाली घेताना

नारायण वामन टिळकांची भजनं किंवा अभंगाची चाल घंटांवर आणायची तर आधी मींड आणि कण कुठे आहेत ते पाहा. घंटा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नाही. मींडेच्या जागी मधले स्वर भराभर वाजवले तर पायऱ्या उतरल्यासारखं ऐकू येतं, त्यापेक्षा फक्त पोहोचायचा स्वर वाजवा. भूप आणि दुर्गा यांच्या स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर नसल्यामुळे त्या अंगाच्या चाली एलव्हीत खुलतात. भैरवीच्या अंगाची चाल घेतलीत तर सा आणि कोमल रे वेगवेगळ्या वादकांकडे द्या, आणि प्रत्येक सा वाजण्याआधी कोमल रे डॅम्प झालीच पाहिजे हे पानावर आरची खूण करून लिहा.