औषधासाठी भेकपालन: आधी जिवंत खाद्य, मग भेक

चिनी वैद्यकात भेकापासून (टोड, म्हणजे खरखरीत कातडीच्या, जमिनीवर राहणाऱ्या बेडकापासून) प्रामुख्याने तीन गोष्टी घेतात: डोळ्यांमागच्या ग्रंथींतलं वाळवलेलं विष म्हणजे छान्सू, अंगावरून सुटणारी पातळ कात म्हणजे छानयी, आणि अख्खा वाळवलेला भेक. यांतल्या छान्सूवरच हे पालन उभं आहे. चीनची औषधसंहिता (औषधांचा सरकारी प्रमाणग्रंथ) त्यासाठी दोन जाती मान्य करते. चीनच्या जिआंग्सू, शान्डोंग, हेबेई या प्रांतांत चिनी भेक (बुफो गार्गारिझान्स) पाळावा. दुसरी जात, काळ्या कडांचा भेक, दक्षिणेच्या उबदार प्रांतांतली; हिवाळा कडक असेल तिथे तिच्या वाटेला जाऊ नये.

परवान्याचं काम पहिलं. रानातून भेक धरायला वन्यजीव खात्याची परवानगी लागते आणि पाळण्याची नोंद त्याच खात्याकडे करावी लागते. शिवाय छान्सू चीनच्या १९८८च्या नियमांनुसार विषारी औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे ते परवानाधारक खरेदीदारालाच विकता येतं. ग्राहक पक्का नसेल तर तळं खणू नये.

त्यानंतरही लगेच भेक आणायचे नाहीत. भेक हलणारं भक्ष्यच टिपतो. मेलेली अळी समोर पडली तरी तो तिच्याकडे बघत नाही. म्हणून मीलवर्म (पिठात वाढणाऱ्या भुंग्याच्या अळ्या), माशीच्या अळ्या आणि गांडुळं यांची पैदास किमान दोन महिने आधी सुरू करावी. पाण्यालगत रात्री किडे ओढणारे दिवे लावले की थोडी भर पडते, पण नुसत्या दिव्यांवर कळप पोसला जात नाही. बुडालेल्या बहुतेक पालनांचं कारण रोग नसून उपासमार असते.

कुंपण ६० ते ८० सेंमी उंच, गुळगुळीत आणि वरची कड आत वळलेली असावी. भेक उडी जेमतेम मारतो, पण कोपऱ्यात एकमेकांच्या पाठीवर चढून निसटतो. म्हणून कोपरे गोल ठेवावेत. आत एक तृतीयांश भाग पाणी, बाकी ओलसर जमीन, गवत, फळ्या आणि सावली. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडाल्यावरच सोडावं.

वसंताच्या सुरुवातीला पाणी १० अंशांच्या वर गेलं की जोड्या जमतात. नर लहान असतो आणि त्याच्या पुढच्या पायांच्या आतल्या बोटांवर काळसर खरखरीत गाद्या दिसतात. मादी हजारो अंडी जेलीच्या लांब दोऱ्यांत घालते. दोऱ्या तोडून ओढू नयेत. पाणवनस्पतीसकट उचलून उथळ टाकीत हलवाव्यात. पांढरी पडलेली अंडी रोज काढावीत, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते.

अंड्यातून निघालेले टॅडपोल (शेपटीची पिल्लं) पहिले दोन-तीन दिवस वनस्पतीला चिकटून असतात, तेव्हा काहीच खाऊ घालायचं नाही. पुढे उकडलेल्या अंड्याचा बलक आणि सोयाबीनचं दूध, मग गव्हाचा कोंडा आणि थोडं मासळीचं पीठ. तासाभरात संपेल एवढंच टाकावं. पाण्याची खोली २० ते ३० सेंमी पुरते. कडक उन्हात शेवाळ जास्त झालं की पाण्यात प्राणवायू अति साठतो, टॅडपोलच्या पोटात बुडबुडे धरतात आणि ते उलटे तरंगू लागतात. अशा वेळी सावली करावी आणि ताजं पाणी सोडावं; औषधाचा काही उपयोग नाही.

साधारण दोन महिन्यांनी पुढचे पाय फुटतात. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पिल्लू आता फुप्फुसांनी श्वास घेतं, म्हणून पाण्याबाहेर येणारा उतार किंवा तरंगती फळी नसेल तर ते बुडून मरतं. शेपूट जिरेपर्यंत ते खात नाही. त्यानंतर मात्र जेमतेम १ सेंमीच्या या जिवाला मावा (पिकांवरचे बारीक किडे), फळमाशा, नुकत्या फुटलेल्या अळ्या असं बारीक भक्ष्य रोज हवं. मोठी अळी टाकून "खात नाहीत" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी आकारानुसार वेगळे करावेत, कारण मोठे भेक लहानांना गिळतात. मांड्यांच्या आतली कातडी लाल झालेला भेक दिसताच बाजूला काढावा. हा लाल-पाय रोग घाण पाण्यातून आणि दाटीतून पसरतो.

विष काढणं पूर्ण वाढलेल्या भेकापासूनच, उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. आधी भेक धुऊन अंग कोरडं होऊ द्यावं. माती लागलेला माल कमी दर्जाचा ठरतो. चिमटा तांब्याचा, ॲल्युमिनिअमचा किंवा बांबूचा घ्यावा. लोखंड लागलं की विष काळं पडतं. डोळ्यांमागची फुगीर ग्रंथी चिमट्यात धरून एक-दोनदा दाबली की पांढरा चीक उडतो. रक्त दिसलं म्हणजे दाब जास्त झाला: माल खराब आणि ग्रंथीही जायबंदी. चष्मा, हातमोजे आणि मास्क न घालता हे काम करू नये. चिकातले घटक हृदयाची लय बिघडवतात. डोळ्यात उडाल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावं.

चीक काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घ्यावा, लगेच बारीक नायलॉन जाळीतून गाळावा आणि काचेवर पातळ पसरून वाळवावा. जाड थर आत ओला राहतो आणि कुजतो. चांगलं छान्सू तांबूस-तपकिरी, काहीसं पारदर्शक असतं आणि मोडलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकला की दुधासारखं पांढरं फुगतं. आयोडीनने निळं झालं तर पिठाची भेसळ आहे. जिभेला लावून पारखण्याची जुनी पद्धत सोडलेली बरी: प्रौढ माणसाची औषधी मात्राच मुळात ०.०१५ ते ०.०३ ग्रॅम आहे. भुकटी करताना उडालेली धूळ नाकात गेली तर शिंका थांबत नाहीत, म्हणून तुकडेच साठवावेत, बंद बाटलीत, विषाची खूण लावून.

पिळलेला भेक तडक पाण्यात सोडला तर जखमेत संसर्ग होतो. त्याला एक दिवस ओलसर, सावलीच्या जमिनीवर ठेवावं, भरपूर खाऊ घालावं आणि पुढची फेरी किमान दोन आठवड्यांनी घ्यावी. छानयी हवी असेल तर नजर ठेवावी लागते, कारण कात सुटत असतानाच भेक ती ओढून स्वतः गिळतो.

तापमान १० अंशांच्या खाली गेलं की भेक खाणं सोडतो. त्याआधीचा महिना त्याला नीट पोसावं, विष काढणं थांबवावं आणि भुसभुशीत, ओलसर मातीवर पेंढा घालून झोपू द्यावं. पुढच्या वसंतासाठी राखलेल्या माद्यांना उबदार खोलीत ठेवू नये. थंडीची झोप चुकली की अंड्यांचा भरवसा नाही.