'इमॅनेशन्स' एपिसोड घरच्या म्हाताऱ्या माणसांना कसा दाखवायचा

स्टार ट्रेक व्हॉयेजर ही व्हॉयेजर नावाच्या अंतराळ-जहाजावरची इंग्लिश मालिका, त्यातला पहिला सीझन, नववा एपिसोड, मार्च १९९५ चा. परग्रहावरची व्ह्नोरी नावाची माणसं मरणानंतर नेमकी कुठे जातात यावर अख्खा एपिसोड आहे आणि माझं म्हणणं असं की हा एकट्याने मोबाइलवर बघून संपवायचा नाही, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून बघायचा. मी मालवणला आजीसोबत बघितला, त्यातून जे कळलं ते सांगतो.

दिवस नीट निवडा. म्हाळाच्या पंधरवड्यात नको, तेव्हा घरात गेलेल्यांची आठवण आधीच ताजी असते आणि वाद झाला तर जिव्हारी लागतो. जून-जुलैची संध्याकाळ बरी, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कोणाला कुठे जायचं नसतं. फक्त आधी डाउनलोड करून ठेवा, लॅपटॉप फुल चार्ज करा कारण लाइट जाणारच, आणि छोटा स्पीकर लावा नाहीतर कौलांवरच्या पावसात एक शब्द ऐकू येत नाही. एपिसोड पाऊण तासाचा आहे पण दोन तास हाताशी ठेवा.

भाषा इंग्लिश, म्हणजे तुम्हालाच मध्ये मध्ये सांगावं लागणार. सबस्पेस वगैरे समजावत बसू नका, एवढंच सांगा की एक दार अचानक उघडतं, त्यातून व्ह्नोरींची मेलेली माणसं इकडे लघुग्रहावर येऊन पडतात आणि त्याच दारातून जहाजावरचा तरुण अधिकारी, आपला हॅरी किम, तिकडे जातो. व्ह्नोरी ज्याला 'नेक्स्ट इमॅनेशन' म्हणतात त्याला पुनर्जन्म म्हणू नका, तिथेच गडबड होते, कारण त्यांची समजूत अशी की माणूस देहासकट पुढे जातो आणि तिथे त्याची आधी गेलेली माणसं भेटतात. मी 'पुढचा मुक्काम' म्हटलं, आजीला लगेच कळलं.

सुरुवातीला जहाजाचा उपकप्तान चकोटे लघुग्रहावरच्या मृतदेहांजवळ यंत्र चालवू देत नाही, नुसतं डोळ्यांनी बघा म्हणतो, तो सीन घाईने पुढे ढकलू नका. आपल्याकडे स्मशानात आवाज खाली येतो तसंच आहे ते, म्हाताऱ्या माणसांना तिथून एपिसोड आपला वाटायला लागतो.

पहिला पॉज टेराच्या सीनला. ही व्ह्नोरी बाई मेलेली असते, जहाजावरचा डॉक्टर तिला जिवंत करतो, आणि डोळे उघडल्यावर ती शोधते आपल्या भावाला. भाऊ नाही, कोणीच नाही. इथे "बघ, म्हणजे सगळं खोटंच" असं चुकूनही बोलू नका, माझ्या चुलतभावाने बोलायला तोंड उघडलं होतं, मी हात धरला त्याचा. कारण आजोबांच्या दहाव्याला आम्ही सगळे तिथे होतो, पिंडाला कावळा शिवेना, भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात बाबा पुढे होऊन मोठ्याने म्हणाले की माडाबागेतली बाव (विहीर) बुजवणार नाय, आणि कावळा आला. त्या दिवशी आजीचा चेहरा ज्याने बघितलाय त्याला टेराचं रडणं कळतं. आजी स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाली, "तेका कोणी जवळ घेवा रे."

दुसरा पॉज, आणि हा जास्त महत्त्वाचा, हाटिल गॅरनच्या घरच्यांचा. अपघातात जायबंदी झालेला व्ह्नोरी माणूस, त्याला पुढच्या मुक्कामाला पाठवायचं, म्हणजे मरण द्यायचं, हे घरच्यांनी ठरवलंय, प्रेमानेच ठरवलंय, आणि सगळे त्याच्याशी गोड बोलतायत. इथे तुमचं मत सांगू नका, आधी म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि गप्प बसा. आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तेका इचारल्यानी काय कोणी?" त्यावरून गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला, जे आम्ही तिच्यासमोर, तिला न विचारता ठरवून टाकलं होतं. आम्हाला कोणालाच मान वर करता येईना. तुमच्या घरातही असं काहीतरी निघेल, निघू द्या, एपिसोड थांबलेलाच असू दे.

मधला कफनवाला भाग, म्हणजे किम जहाजावर परत यायला कफनात हाटिलच्या जागी झोपतो आणि हाटिल डोंगरात पळून जातो तो, सलग बघा.

शेवट मात्र शब्दन् शब्द मराठीत सांगा, पॉज करून. कॅप्टन जेनवे किमला सांगते की देह सोडल्यावर जी ऊर्जा निघते ती त्या ग्रहाच्या कड्यांभोवतीच्या क्षेत्रात मिसळते आणि तिथले आकृतिबंध साधे नाहीत. ती ठाम काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, 'हो' पण नाही आणि 'नाही' पण नाही.

आमच्याकडे तेवढ्यात लाइट गेलीच होती. आजीने इन्व्हर्टर लावू दिला नाही, देवाजवळच्या समईच्या उजेडात बसून टेराबद्दल विचारलं, "मगे ती बाई आता थंयच आसा काय?" मी म्हटलं, कॅप्टनला तसं वाटतंय. तिने मान हलवली, आणि सकाळी चहा घेताना म्हणाली, ती भावाक शोधता तो भाग परत लाव.