विद्यार्थ्यांचं शूट आणि सुरक्षेचं नियोजन: या चुका टाळा

शूटमध्ये काय धोके आहेत आणि त्यांवर उपाय काय, हे लिहायचा जोखमीचा तक्ता बहुतेक वेळा शूटच्या आदल्या रात्री भरला जातो. शॉट ठरलेले असतात, लोकेशन ठरलेलं असतं, कलाकारांना वेळा कळवून झालेल्या असतात. फक्त सरांची सही बाकी असते, म्हणून कुणीतरी तक्ता उघडतो आणि प्रत्येक ओळीपुढे ‘काळजी घेऊ’ असं लिहून मोकळा होतो. तोवर बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं. खालच्या बऱ्याचशा चुका याच घाईतून येतात. शॉटलिस्टचा (घ्यायच्या शॉटच्या यादीचा) पहिला खर्डा हातात आला की त्याच दिवशी तक्ता शेजारी ठेवून भरायला घ्या. शॉट अजून कागदावर असतो, तेव्हा तो बदलायला काही लागत नाही.

‘वायर: धोका’ एवढंच लिहिणं

वायर हा धोका झाला. अंधाऱ्या जिन्यात ट्रायपॉड घेऊन उतरणारा असिस्टंट तिच्यात पाय अडकून पडेल, ही जोखीम. ओळीत काय होऊ शकतं, कुणाला, कशामुळे, उपाय काय, तो कोण करणार आणि किती वाजेपर्यंत, हे सगळं हवं. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ म्हणजे कुणीच ठेवायचं नाही.

शक्यता 1 ते 5, परिणाम 1 ते 5 आणि दोन्हींचा गुणाकार, ही पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक खाच आहे. दहा वेळा ठेच लागणं (5 × 1) आणि क्वचित कुणी गच्चीवरून पडणं (1 × 5), दोन्हींचे गुण 5. म्हणून परिणामाच्या रकान्यात 5 आला की गुणाकार बघूच नका. तो शॉट वेगळा काढा आणि आहे तसा घ्यायचाच का, हे आधी ठरवा.

उपाय उलट्या क्रमाने शोधणं

हेल्मेट, हातमोजे, सूचना देणं हे शेवटचे उपाय. आधी धोका काढून टाकता येतो का बघा, मग त्याच्या जागी दुसरं काही चालेल का, मग आड काही घालता येईल का. गच्चीच्या कठड्यावर बसलेली मुलगी हवी आहे? मैदानातल्या दोन फुटी ओट्यावर बसवा, कॅमेरा जमिनीलगत ठेवा, मागे फक्त आकाश येऊ द्या. पडद्यावर उंची तितकीच वाटते. गाडीतला संवादही उभ्या गाडीत होतो: बाहेरून दोघांनी दिवे सरकवायचे, एकाने बंपर हलकेच हलवायचा. चालत्या गाडीत चालवणाऱ्यालाच संवाद म्हणायला लावणं ही विद्यार्थी शूटमधली फार नेहमीची आणि फार वाईट सवय आहे. त्याचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं कॅमेऱ्याकडे असतं.

रेल्वे रुळांच्या बाबतीत तडजोडच नाही. 20 फेब्रुवारी 2014 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका चित्रपटाचं युनिट रेल्वेपुलावर चित्रीकरण करत होतं. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. गाडी आली आणि 27 वर्षांची कॅमेरा सहाय्यक मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. ते व्यावसायिक, अनुभवी युनिट होतं. ‘दोन मिनिटांचा तर शॉट आहे’ हा हिशेब तिथेही चालला नाही.

रेकी (लोकेशनची आधीची पाहणी) चुकीच्या वेळी करणं

रविवारी सकाळी शांत दिसणारा रस्ता मंगळवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. शूटचा जो वार आणि जी वेळ, त्याच वाराला आणि वेळेला रेकी करा. फ्रेमच्या पलीकडचंही बघा. मेन स्विच कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे? मोबाइलला रेंज येते का? रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल? डोक्यावरून विजेच्या तारा जातात का? शेवटचा प्रश्न बूम, म्हणजे माइकचा दांडा, धरणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा, कारण त्याच्या हातात लांब, बहुधा धातूचा दांडा असतो आणि नजर कलाकारावर.

विजेचा हिशेब न करणं

वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. 230 व्होल्टवर 1000 वॉटचा दिवा सुमारे 4.3 अँपिअर घेतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर असा एक चालतो, दोन लावले की 8.7 होतात. एक्स्टेंशन बोर्डाला सहा भोकं असली म्हणून क्षमता सहापट होत नाही. शेजारशेजारची सॉकेटं बरेचदा एकाच सर्किटवर असतात, हेही लक्षात ठेवा. रीळवाली केबल मात्र पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेल्या वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकतं.

एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला तर तो पुन्हा पुन्हा वर ढकलू नका. सगळं काढा, एमसीबी चालू करा, एकेक दिवा लावत जा. सगळे लागल्यावरच पडत असेल तर भार जास्त आहे, काही दिवे दुसऱ्या सर्किटवर न्या. आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर वीज कुठेतरी गळते आहे. एकेक लावताना ज्या उपकरणावर पडतो, ते त्या दिवसापुरतं बाद. अर्थिंगची पिन काढून ‘जुगाड’ करणं म्हणजे आजार तसाच ठेवून ताप मोजायचा थर्मामीटर फोडणं.

वाळूची पिशवी चुकीच्या पायावर

दिवा किंवा आडवा दांडा ज्या बाजूला झुकतो, स्टँडचा एक पाय त्याच बाजूला, भाराच्या बरोबर खाली यायला हवा. सी-स्टँडला (याचे तिन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात) तिन्ही पायांतला सगळ्यात उंच पाय भाराखाली घ्या आणि पिशवी त्याच्यावर अशी टांगा की तिचं वजन पायावर येईल. जमिनीवर टेकलेली पिशवी दिसते छान, धरून काहीच ठेवत नाही. उघड्यावर सॉफ्टबॉक्स (दिव्यावरची कापडी पेटी), दिव्याची छत्री आणि रिफ्लेक्टर शिडासारखे वागतात. अशा प्रत्येक स्टँडला हाताने धरणारा एक माणूस द्या, शॉट नसेल तेव्हा स्टँड खाली करा.

उलटं चालणारा कॅमेरामन एकटा सोडणं

डोळा व्ह्यूफाइंडरला लावून उलटं चालणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवणारा एक जण हवाच. रिहर्सल एकदा कॅमेऱ्याशिवाय करा.

थकवा तक्त्यात नसणं

पहाटे चारला पॅकअप आणि सकाळी नऊला कॉल, हे वेळापत्रक नव्हे. संपल्यापासून पुढच्या कॉलपर्यंत निदान 11-12 तास ठेवा. रात्रीच्या शूटनंतर घरी गाडी कोण चालवणार, हे कॉलशीटवरच (कुणी, कधी, कुठे यायचं त्या कागदावरच) लिहा. चालवणाऱ्याला आधी झोप मिळालेली हवी.

कॉलशीटवर ‘जवळचं हॉस्पिटल’ एवढंच

त्या वेळेला अपघात विभाग उघडा असलेलं हॉस्पिटल लिहा, पत्ता आणि वाटेसकट. लोकेशनचा नकाशावरचा पिन, आपत्कालीन क्रमांक आणि फोन कोण करणार हेही. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. विजेचा झटका बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

दिग्दर्शकालाच सुरक्षेची जबाबदारी देणं

त्याचं मन शॉटमध्ये असतं आणि असायलाही हवं. हे काम सहायक दिग्दर्शकाचं. पाच जणांचं युनिट असेल तर प्रॉडक्शन बघणाऱ्याचं. मित्राला अडवणं अवघड जातं, म्हणून सकाळीच सगळ्यांसमोर सांगा: ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो, अगदी स्पॉटबॉयसुद्धा, आणि तो शब्द आला की कॅमेरा बंद. यादीत नसलेला शॉट ऐनवेळी सुचला तर दोन मिनिटं थांबून त्याची ओळ तक्त्यात लिहा. लिहिता येत नसेल तर तो शॉट आज नाही.

पॅकअपकडेही लक्ष असू द्या, कारण तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते. आधी वीज बंद, मग प्लग, मग केबल. हॅलोजनचे दिवे 15 मिनिटं थंड होऊ द्या, त्याआधी पेटीत घालू नका. फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नका, वेगळी ठेवा. बाकीच्या बॅटऱ्यांच्या टोकांवर टोपण किंवा टेप लावा आणि माणसं मोजून मगच निघा.