५६ च्या फोर्ड पिकअपचं पुढचं सस्पेन्शन बदललं, माझा अनुभव

आमची १९५६ ची एफ-१००, राइट हँड ड्राइव्ह, पुढे बीम ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (लीफ स्प्रिंग). कात्रज घाटात स्टीअरिंग धरून हात भरून यायचे, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलणार, ॲक्सल एकच ना. बरेच जण म्हणाले फोर्डच्याच क्राऊन व्हिक्टोरिया कारचं पुढचं सस्पेन्शन घाल, २००३ नंतरचं, ॲल्युमिनियमची अख्खी क्रेडल (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) मिळते, पण ते रुंद, टायर मडगार्डबाहेर येतात मग वेगळ्या ऑफसेटच्या, म्हणजे चाक आत घेणाऱ्या, रिम शोधा, आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारी स्टीअरिंगची दातेरी पट्टी, लेफ्ट हँडचा, आपल्या काय कामाचा! म्हणून मस्टँग टू टाइप किट घेतलं, मूळ डिझाइन १९७४-७८ च्या फोर्ड मस्टँग टू गाडीचं, पण राइट हँड रॅकवालं. क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा भाग, सस्पेन्शन यावरच बसतं) भोसरीत बसवला, चेसिस लेव्हल करून आधी नुसते टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारले, दोन्ही कर्ण जुळल्यावरच पूर्ण वेल्डिंग. मग स्प्रिंग काढून जॅकने चाक वर-खाली करून बघितलं तर टो (वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर वळलेलं असतं तो कोन) बदलत होता, रॅक शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) देऊन जरासा उचलला, थांबलं. हे चेक कुणी करत नाही आणि मग गाडी खड्ड्यात ओढते म्हणून बोंबलतात. स्प्रिंग मात्र इंजिनच्या वजनाप्रमाणे मागवा, आणि आरटीओची परवानगी कटिंगच्या आधी काढा.