पुण्यात पाठीवर सॅक घेऊन येताय? आधी हे वाचा

पहिला प्रश्न: झोपायचंय की जागायचंय? जागायचं असेल तर कोरेगाव पार्कच्या बाजूचं हॉस्टेल घ्या, पब तिथेच आहेत. डेक्कनला राहिलात तर कॅफे गुडलकचा बनमस्का चालत गाठता येतो, पण रात्री उशिरा मेट्रो नसते आणि रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. भाडं बसण्याआधी ठरवा.

बुकिंग करताना विचारा, 'पुण्याचा पत्ता असलेलं आधार चालतं का?' काही हॉस्टेलं स्थानिकांना घेत नाहीत. माझं कोथरूडचं, म्हणजे पुण्यातलंच, आधार बघून एका हॉस्टेलने रात्री अकराला, पैसे भरलेले असूनही, मला दारातून परत पाठवलं. सॅक फुटपाथवर ठेवून तासभर फोन करत बसले होते. तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगते.

कुलूप स्वतःचं न्या, छोटं, बारीक दांडीचं. जाड दांडी लॉकरच्या कडीत जात नाही. पलंग खालचा मागा. पार्टी वरच्या गच्चीवर असेल तर खोली दोन मजले खाली हवी.

वयाचं मात्र गांभीर्याने घ्या. महाराष्ट्रात बिअरला 21, दारूला 25 पूर्ण लागतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. 2 ऑक्टोबरला ड्राय डे असतो, त्या रात्रीसाठी येऊच नका.

मुलींनो, ग्लास नजरेआड झाला की तो सोडून द्या, पैसे गेले तरी चालतील. परतताना रिक्षाचा नंबर मैत्रिणीला पाठवा.

आणि पहाटे कर्वे रोडवरच्या नळस्टॉप चौकात या. गाडीवरचे गरम पोहे, वर शेव, लिंबाची फोड. अर्धी गर्दी होस्टेलच्या पोरांची असते, गप्पा तिथेच जमतात.