परदेशी शिकारीसाठी रायफलचे कॅलिबर निवडताना
विमानप्रवासात रायफल पोहोचते आणि काडतुसांची पेटी मागे राहते, अशा वेळी दुर्मिळ कॅलिबरची (म्हणजे नळीच्या व्यासाची व काडतुसाच्या मापाची) उत्तम रायफलही निरुपयोगी ठरते. म्हणून बहुतेक ठिकाणी मिळणारे कॅलिबरच निवडावे: हरणवर्गीय प्राण्यांसाठी १९०६ पासून प्रचलित असलेले .३०-०६, आणि रानरेड्यासारखे जनावर असेल तर .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम, कारण आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा धरली जाते. विमानात काडतुसे बहुधा प्रवाशामागे ५ किलोपर्यंतच नेता येतात. नळीवर कोरलेले कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का परवान्यातील नोंदीशी जुळतो का, हे निघण्यापूर्वीच तपासावे. मात्र काही देशांत लष्करी कॅलिबरवर निर्बंध असतात, त्यामुळे मूळचे लष्करी असलेले .३०-०६ नेण्यापूर्वी तिथला नियम लेखी मागवावा.